नॉकग्लासची मतं

दुपारचं जेवण आटोपून हेक्टर प्रेंडविल मतं मागायला निघाला. पाऊस नुकताच दमला होता, रस्त्यावर घोट्याएवढा चिखल होता आणि टेकडीवर मॅलकी टार्पीच्या घरापर्यंत बग्गी जात नसल्यामुळे शेवटची चढण पायी चढावी लागणार होती. साठी उलटलेल्या माणसाला हे काही सुखाचं नव्हतं. पण निवडणूक लागली की आमच्या ह्यांच्या गुडघ्यांना तारुण्य येतं, असं त्याची बायको हयात असताना पाहुण्यांना सांगायची.

प्रेंडविल घराण्यात संसदेत न बसलेला पुरुष शोधायचा तर पाळण्यातच शोधावा लागला असता. आजोबा डब्लिनच्या संसदेत होते. ती मोडीत निघाल्यावर वडील लंडनच्या संसदेत गेले आणि वडिलांच्या मागून हेक्टर. वीस वर्षं तो तिथे बसला. बोलला चार-दोन वेळाच, पण बसला नीट. मग गेल्या खेपेला टेरेन्स लिहान नावाच्या एका वकिलाने त्याला पाडलं. ना घराणं, ना जमीन, नुसती जीभ. तेव्हापासून हेक्टरला घर खायला उठत होतं. सकाळी फाटकाशी अर्जदारांची गर्दी नसे, जेवायला कोणी येत नसे, शिकारीला कोणी बोलवत नसे. या खेपेलाही हरलो तर उरलेलं आयुष्य कुत्र्यांशी बोलण्यात जाणार, हे त्याला कळून चुकलं होतं.

तेव्हा मत गुपचूप द्यायची सोय नव्हती. कोर्टात टेबलासमोर उभं राहायचं आणि चारचौघांत उमेदवाराचं नाव खणखणीत घ्यायचं. कुळं मालकाचं नाव घेत, कारण मालक समोरच बसलेला असे. पण हल्ली फादर कॉनरी प्रवचनातून लिहानचे गोडवे गाऊ लागले होते आणि कुळांना मालकापेक्षा नरकाची भीती जास्त वाटू लागली होती. खालच्या गावातली मतं निम्मी-निम्मी फुटली होती. उरली टेकडीवरची घरं. ती मॅलकी टार्पीच्या शब्दाबाहेर नव्हती.

बग्गी थांबली तसा गाडीवान फेस्टस खाली उतरला, पण दार उघडायच्या ऐवजी त्याला पाठ लावून उभा राहिला.

"सरकार, आज नका जाऊ."

"का रे? पाऊस तर थांबला."

"पावसाचं नाही. आजची संध्याकाळ... उद्या सकाळी जाऊ की."

"उद्या सकाळी लिहान जाईल. सरक बाजूला."

फेस्टसने छातीवर क्रूस काढला आणि सरकला. या लोकांना क्रूस काढायला काहीही पुरतं, वाटेत खारूताई आडवी गेली तरी पुरतं, असं म्हणत हेक्टर चढणीला लागला.

वाटेत नॉकग्लास लागलं. आता तिथे लागण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणा. छपरं नसलेल्या भिंती, त्यात कमरेएवढ्या खाजकुयल्या आणि त्यांच्या आडोशाला मेंढ्या. एके काळी इथे माणसं नुसती कोंबलेली होती. लहानात लहान कुळालाही तेव्हा मत होतं, म्हणून हेक्टरच्या वडिलांनी एकेका वावराचे चार-चार तुकडे करून कुळं वसवली. तुकडा तिथे झोपडी, झोपडी तिथे मत. पुढे हेक्टर निवडून आला की इथलेच लोक त्याला फुलापानांनी मढवलेल्या खुर्चीत बसवत, खांद्यावर घेत आणि नाचवत वर आणत. मग कायदा बदलला. लहान कुळांचं मत गेलं आणि त्यांचा उपयोगही संपला. गरज सरो, वैद्य मरो. कारभारी पर्सर म्हणाला, माणसांपेक्षा मेंढ्या परवडतात. हेक्टर त्या वेळी लंडनला होता. तो म्हणाला, बघ काय ते. पर्सरने ऐन हिवाळ्यात बघितलं. छपरं ओढून काढली आणि चुली पाण्याने विझवल्या, कारण चूल विझल्याशिवाय घराचा ताबा मिळाला असं इथे कोणी मानत नाही. ती माणसं पुढे कुठे गेली हे हेक्टरने कधी विचारलं नाही. गेली असतील अमेरिकेला, असं तो स्वतःला सांगे. अमेरिका मोठी असल्यामुळे ते पटतही असे.

मॅलकीच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं.

"देव या घरातल्या सगळ्यांचं भलं करो," हेक्टरने रीतीप्रमाणे उंबऱ्यावरून म्हटलं आणि तो आत गेला.

आत कोणी नव्हतं. पण घर एखाद्या समारंभासारखं सजलेलं होतं. जमीन झाडून लख्ख केली होती. चुलीत पीटच्या, म्हणजे वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, ढेपा रचून एवढा मोठा जाळ केला होता की मॅलकीसारख्या चिक्कू माणसाला झालंय तरी काय, असं वाटावं. चुलीभोवती घरातली झाडून सारी बसायची साधनं गोल मांडली होती. दोन खुर्च्या, बुटकी स्टुलं, एक बाक, एक पालथी बादलीसुद्धा. मधे स्वच्छ पाण्याचं भांडं आणि टोपलीत उकडलेले बटाटे. आतल्या खोलीतून एक खोकला आला आणि कोणीतरी तोंड दाबल्यासारखा अर्ध्यातच थांबला.

हेक्टर मनात हसला. मॅलकी लपून बसला होता. तोंडावर नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून खोलीत दडून बसायचं. बसू दे. विस्तव सोडून माणूस जातो कुठे? त्याने चुलीजवळची खुर्ची ओढली, बूट जाळाकडे केले आणि तो बसला. बुटांतून वाफा निघू लागल्या. बाहेर उजेड कमी होत गेला.

दार वाजलं नव्हतं. तरी त्याने मान वळवली तेव्हा डोक्यावरून शाल घेतलेली एक बाई समोरच्या स्टुलावर बसत होती. शालीतून पाणी ठिबकत होतं. तिच्या मागोमाग एक पुरुष आला, मग दोन म्हाताऱ्या, मग आणखी कोणी. ज्याला जी जागा दिसली तिथे तो बसला. ओल्या लोकरीचा वास आला आणि त्याच्या तळाशी दुसरा एक वास, पाणी ओतून विझवलेल्या चुलीचा.

हेक्टरला बरंच वाटलं. म्हणजे मॅलकीने सभाच बोलावली होती तर!

"या, या," तो म्हणाला. "सरका पुढे. भिजून चिंब झालात. पाऊस तर मघाशीच थांबला ना?"

"आमच्याकडे नाही थांबला," बाई म्हणाली.

"हो ना, टेकडीच्या पलीकडे वेगळंच असतं." हेक्टर खाकरला. "मी कशाला आलोय हे तुम्हाला ठाऊकच आहे."

"सरकार परत उभे राहताय."

"राहतोय, बाई."

"आम्हाला वाटलं, विसरलात."

"मी? आणि विसरेन?"

"मग माझं नाव सांगा बघू."

वीस वर्षांच्या राजकारणात माणूस एवढं तरी शिकतोच. "तुला न ओळखायला काय झालं?" हेक्टर म्हणाला. "तुझा नवरा तर माझ्या चांगला... काय त्याचं नाव..."

"कोल्मन."

"कोल्मन! तोच तो. कसा आहे?"

"हा काय, बसलाय."

पालथ्या बादलीवर बसलेल्या माणसाने मान वर केली नाही. त्याच्या केसांतून पाणी एका लयीत जमिनीवर पडत होतं. हेक्टरने तंबाखू पुढे केली. त्याने ती घेतली आणि मुठीत धरून ठेवली, पाइप काही काढला नाही.

"तर मग, मतं मला ना?"

जाळ मोठा होता, पण भिंतीवर सावली फक्त हेक्टरची नाचत होती. हे त्याला दिसलं. पण बोलता बोलता माणसाला बऱ्याच गोष्टी दिसतात आणि तो बोलतच राहतो.

"आमची मतं गेली की, सरकार," बाई सावकाश म्हणाली. "कायद्यानं काढून घेतली."

"हात्तिच्या! मग ज्यांना आहेत त्यांना सांगा. टार्पीला सांगा. तो हट्टाला पेटलाय."

"त्याला काय सांगायचं? ज्यांना तोंडं आहेत त्यांच्या तोंडून आम्ही देऊ. टेकडीवरची सगळी."

"सगळी?" हेक्टर पुढे वाकला. "नक्की?"

"आम्ही कधी फसवलंय तुम्हाला?"

"नाही, नाही. कधीच नाही." आता किंमत येणार हे तो जाणून होता. खंडात सूट, चराईचं रान, पोराला नोकरी. ही सगळी आश्वासनं त्याच्या जिभेवर तयार असत. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, वाढायला कंजुषी कशाला? "बरं, तुम्हाला काय हवं?"

"काही नको. पूर्वी निवडून आलात की तुमची खुर्ची आमच्या गावात यायची. आमच्या चुलीपाशी बसायचात, एक घोट घ्यायचात. तसे याल?"

"एवढंच?"

"एवढंच."

हेक्टर मोठ्याने हसला. सुटल्यासारखं वाटून हसला. "येईन! खुर्चीत बसून येईन. जिथे न्याल तिथे येईन. प्रेंडविलचा शब्द आहे."

"शब्द तर पूर्वीही असायचा..." बादलीवरचा माणूस पहिल्यांदाच बोलला. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता.

"तू गप रे," बाई म्हणाली. "सरकार हात देतील."

बाजारात गाईचा सौदा करताना करतात तसं तळहातावर थुंकून हेक्टरने हात पुढे केला. तिनेही केला. तिचा हात गार होता. नोव्हेंबरात कोणाचा नसतो?

तो निघाला तेव्हा मागून तिचा आवाज आला, "दार ओढू नका सरकार. अजून यायचेत..."

खाली फेस्टसने काही विचारलं नाही. हेक्टरनेच आपण होऊन सांगितलं, की मॅलकी भेटला नाही पण बाकीचे भेटले, तो कोल्मन आणि त्याची बायको, फार समजूतदार माणसं. फेस्टसच्या हातातला लगाम एकदा सैल पडला. मग घर येईपर्यंत तो घोड्याशीसुद्धा बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅलकी टार्पी स्वतः वाड्यावर हजर झाला. टोपी काढून, ती हातात पिळत तो गालिच्याच्या कडेला उभा राहिला.

"काय रे, खोलीतून निघालास का बाहेर?" हेक्टर म्हणाला. "मी काही खाल्लं नसतं तुला."

"सरकार, काल पितरांची संध्याकाळ होती."

"कसली?"

"घरातले गेलेले त्या संध्याकाळी परत येतात. आम्ही चूल पेटवतो, बसायला मांडतो, पाणी ठेवतो, दार लोटून आतल्या खोलीत जातो. मग बाहेर यायचं नसतं आणि बघायचंही नसतं. ज्यांना स्वतःची चूल उरलेली नाही, तेही येतात. त्यांना नाही कसं म्हणायचं? तुमचा आवाज ऐकला आणि मी उठत होतो. ओनीनं माझ्या तोंडावर हात दाबून धरला." ओनी म्हणजे त्याची बायको.

हेक्टरने चहाचा कप खाली ठेवला. "मग तू आमचं बोलणं ऐकलंस?"

"तुमचं ऐकलं."

"आणि त्यांचं?"

"तुमचंच, सरकार. तुम्ही बोलत होतात, थांबत होतात, हसत होतात. दुसरा आवाज नव्हता. फक्त तुम्ही थांबलात की... स्टुलं पुढे सरकायची."

हेक्टरने विचारलं, "कोल्मन नावाचा कोणी इथे होता का रे?"

"कोल्मन रूआन. नॉकग्लासचा. घर पाडलं त्या हिवाळ्यात पुलाखाली राहायला गेले. बायको साबीना, तिची आई, त्याची आई, पोरं. पूर आला. तशी सगळी पुरानंच गेली असं नाही... काही आधीच गेली होती, उपाशी." मॅलकी हे तक्रार केल्यासारखं बोलला नाही. ऋतुमान सांगावं तसं बोलला.

हेक्टरला लाज वाटली. खरीखुरी, कान तापवणारी लाज वाटली, आणि लाजेच्या खालून भीती वर आली. तो उठून खिडकीशी गेला.

"शब्द परत घ्या, सरकार," मॅलकी म्हणाला. "घेता येतो. उजेडी नॉकग्लासला जायचं, त्यांच्या उंबऱ्यावर उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, मी दिलेला शब्द परत घेतो, तुम्ही दिलेला परत करतो. फादर येतील बरोबर. मी येतो."

"आणि तुझं मत?"

"माझं मत लिहानला. तोंडावर सांगतो, राग मानू नका. मी फादरना शब्द दिलाय. टेकडीवरची सगळी तिकडेच."

मॅलकी गेला. हेक्टरने बग्गी जोडायला सांगितली. मग जेवून जाऊ म्हणाला. जेवल्यावर पाऊस आला. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. खरं सांगायचं तर अडचण पावसाची नव्हती आणि पाहुण्यांचीही नव्हती. या सगळ्या खुळ्या समजुती, असं त्याची बुद्धी म्हणत होती. आणि त्याच बुद्धीच्या मागे दुसरं कोणीतरी हळूच म्हणत होतं, की यात काही असलंच, तर शब्द परत घेतल्यावर मतंही परत जातील. भ्यावं एवढा त्याचा विश्वास नव्हता. आशा धरावी एवढा मात्र होता. मतदानाचा दिवस उजाडेपर्यंत बग्गी काही जोडली गेली नाही.

कोर्टात मुंगीला शिरायला वाव नव्हता. एका बाजूला हेक्टर, दुसऱ्या बाजूला लिहान आणि मधे टेबलाशी मतं नोंदवणारा शेरिफ. खालच्या गावाची मतं अपेक्षेप्रमाणे फुटली. दुपारपर्यंत लिहान पुढे गेला आणि त्याच्या माणसांनी बाहेर ढोल बडवायला सुरुवात केली. मग टेकडीवरचे आले, फादर कॉनरींच्या मागून, ओळीने, नवे सदरे घालून. सगळ्यांत पुढे मॅलकी होता.

"मत कोणाला?" शेरिफने विचारलं.

मॅलकीने मान ताठ केली, हेक्टरकडे सरळ बघितलं आणि तोंड उघडलं.

"हेक्टर प्रेंडविल."

मग जो गदारोळ उठला तो विचारू नका. "थू तुझ्या जिनगानीवर!" "मालकाचं कुत्रं!" "किती खाल्लेस रे?" कोणीतरी चिखलाचा गोळा मारला, तो मॅलकीच्या नव्या सदऱ्यावर बसला. मॅलकी मात्र कर्तव्य केलेल्या माणसासारखा हसतमुखाने वळला आणि त्याने फादरपुढे हात केला. फादरने पाठ फिरवली.

"काय झालं, फादर? मी लिहानचंच नाव घेतलं की!"

त्याच्या मागचा माणूस आला आणि म्हणाला, प्रेंडविल. त्याच्या मागचाही तेच म्हणाला. एकामागून एक सगळे टेबलाशी आले, सगळ्यांनी लिहानकडे बघून मान हलवली आणि सगळ्यांच्या तोंडून नाव आलं ते प्रेंडविलचं. आवाज ज्याचे त्याचेच होते. पण हेक्टर अगदी जवळ बसला होता. प्रत्येकाच्या आवाजाच्या तळाशी एक ओली घरघर त्याला ऐकू येत होती. त्यातल्या एकाने तर नाव घेण्याआधी "सरकार" म्हटलं. ते म्हणणं त्या शालवाल्या बाईचं होतं.

मॅलकी दारात उभा होता. सदऱ्यावरून चिखल ओघळत होता. त्याने भर गर्दीतून हेक्टरकडे नुसतं बघितलं. एकदा उठून उभं राहून, हे मत याचं नाही, असं सांगितलं असतं तर त्या माणसाची अब्रू वाचली असती. हेक्टरने नजर खाली वळवली आणि हातमोजे नीट केले.

तो निवडून आला.

संध्याकाळी खुर्ची निघाली. लॉरेलची पानं, हिरव्या आणि निळ्या फिती, वर मखमलीची गादी. खालच्या गावातल्या आठ दणकट माणसांनी ती खांद्यावर घेतली. पुढे वाजंत्री, मागे मशाली. खाणावळीत मेजवानी मांडली होती आणि तिथवर मिरवत जायचं होतं. हेक्टर टोपी हलवत होता. त्याला मनापासून आनंद झाला होता, ते नाकारून चालायचं नाही. दुपारचं सगळं त्याने मनाच्या तळघरात ढकलून वर झाकण घातलं होतं.

पुलावर लिहानची माणसं काठ्या घेऊन उभी होती. मारामारी जुंपली, मशाली खाली पडल्या, खुर्ची एका अंगाला कलंडली. आता पडतो असं वाटलं त्याच क्षणी खालून दुसरे खांदे आले आणि ती सरळ झाली.

"शाबास!" हेक्टर ओरडला. "आता खाणावळीकडे चला!"

खुर्ची चालू लागली. आता ती मुळीच हिंदकळत नव्हती. मघाशी भोयांचे श्वास आणि शिव्या ऐकू येत होत्या, आता काही ऐकू येत नव्हतं. मागे वाजंत्री पुलावरच राहिली आणि हळूहळू बारीक होत गेली.

"अरे, उजवीकडे. खाणावळ उजवीकडे आहे..."

खुर्ची डावीकडे वळली. विझवलेल्या चुलीचा वास आला. हेक्टरने खाली वाकून पाहिलं. उघडी ओली डोकी, ओल्या शाली. म्हाताऱ्यासुद्धा खांदा देत होत्या. त्याला उडी मारता आली असती, फार उंच नव्हतं. पण निवडून आलेला माणूस खुर्चीतून उडी मारतो, हे दृश्य त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्या स्थितीतही त्याला ते शोभेचं वाटलं नाही. शिवाय शब्द दिलेला होताच. एक घोट घ्यायचा आणि परत यायचं. त्याने कोटाची कॉलर वर केली आणि दांडे घट्ट धरले.

नॉकग्लासमध्ये त्यांनी त्याला एका घरात उतरवलं. छप्पर नव्हतं. वरून पाऊस पडत होता आणि चुलीत विस्तव होता. पावसाचे थेंब त्या विस्तवात पडत होते आणि चर्र असा आवाज होत नव्हता. साबीनाने लाकडी वाटी पुढे केली.

"आलात, सरकार. बरं वाटलं."

त्याने एका दमात घोट घेतला. नुसतं गार पाणी होतं, राखेच्या चवीचं. "झालं तर मग," तो म्हणाला. आवाज बरा निघाला. "शब्द पाळला. आता निघतो मी. लंडनला जायचंय."

"बसा की. घाई काय आहे?"

"संसद भरेल ना, बाई."

"भरेल की. कोल्मन जाईल."

कोल्मन भिंतीशी उभा होता. त्याच्या अंगात हेक्टरचा कोट होता आणि हातात हेक्टरची टोपी. कोट अंगातून केव्हा निघाला हे हेक्टरला कळलं नव्हतं, फक्त आता एकदम थंडी वाजायला लागली होती. कोल्मनने टोपी डोक्यावर ठेवली, जरा तिरकी, हेक्टर ठेवायचा तशीच, आणि वाकून तो दाराबाहेर पडला.

"मी... मी फक्त येईन म्हणालो होतो..."

"तेच तर," साबीना म्हणाली. "येईन म्हणालात. जाईन कुठे म्हणालात?"

खाली रस्त्यावर बग्गीचा दिवा थांबलेला दिसत होता. हेक्टरने उठायचा प्रयत्न केला, पण पाय उठले नाहीत. तो ओरडला. आपला आवाज आपल्याच कानांपर्यंत पोचला नाही असं त्याला वाटलं. खालून मात्र फेस्टसचा आवाज स्पष्ट वर आला, "या सरकार, किती वेळ झाला, भिजलात की हो!" मग दार लागल्याचा आवाज आला आणि मग चाकांचा.

साबीनाने त्याच्या गुडघ्यांवर एक ओली शाल टाकली. पाहुण्याच्या गुडघ्यांवर टाकावी तशी, मायेने टाकली.

"घाबरू नका सरकार. सात वर्षांनी परत निवडणूक आहेच. तेव्हा उभे राहा. मतं पडली तर जाल."

वसंतात फेस्टस लंडनहून चार दिवसांसाठी घरी आला. लोहाराच्या भट्टीपाशी मॅलकी टार्पी एकटाच बसला होता, हल्ली त्याच्याजवळ कोणी बसत नसे. फेस्टस जाऊन त्याच्याशेजारी बसला.

"साहेब कसे आहेत?" मॅलकीने विचारलं.

"चांगले आहेत. पूर्वीपेक्षा चांगले म्हणायचे. संसदेला एक दिवस चुकत नाहीत. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. फक्त..." फेस्टसने आवाज उतरवला. "जेवताना ताटातली निम्मी भाकर खिशात घालतात. पलंग नको म्हणतात, चुलीसमोर जमिनीवर निजतात. परवा मी बूट काढायला गेलो, तर त्यांच्या पायांना... जाऊ दे."

"आणि तोंड?"

"तोंड साहेबांचंच आहे रे."

मॅलकीने भट्टीतले निखारे काठीने सारले. मग तो म्हणाला, की त्याने मेंढ्यांची वाट बदलली आहे. नॉकग्लासवरून आता तो नेत नाही. मेंढ्या बुजतात म्हणून नव्हे. मेंढ्या तर खुशाल आत जाऊन चरतात. पण खाजकुयल्यांच्या पलीकडे कोणीतरी खाकरतं, भर दुपारीसुद्धा, आणि मोठ्या अदबीने विचारतं, "काय मॅलकी, या खेपेला मत कोणाला?"

"मग तू काय म्हणतोस?"

"काही नाही. मला माझ्या तोंडाचा भरवसा राहिलेला नाही," मॅलकी म्हणाला.